गोठ्यातली न्याहारी : टस्कनीच्या शेतघरांचा इतिहास

१/ इटलीच्या टस्कनी प्रांतात टेकडीवर एकटेच उभे असलेले दगडी शेतघर. आज तेथे मोजक्या खोल्या पाहुण्यांना मिळतात. जुन्या तुळया, चुन्याच्या भिंती, आणि सकाळची न्याहारी तळमजल्यावरच्या कमानदार दालनात. अशा दालनाच्या भिंतीत कधीकधी एक लोखंडी कडी राहिलेली दिसते. ती शोभेची नाही. तेथे बैल बांधले जात. या घरांचा, आणि त्यांतून निघून गेलेल्या माणसांचा हा धागा.

२/ १३व्या-१४व्या शतकांत फ्लॉरेन्स आणि सिएना येथील व्यापाऱ्यांनी आपला पैसा भोवतालच्या जमिनीत गुंतवला. मालक शहरात राहणारा. जमीन कसायला मात्र कुटुंब हवे. त्यासाठी जो करार सर्वत्र रूढ झाला, त्याचे नाव ‘मेझ्झाद्रिया’. इटालियनमध्ये ‘मेझ्झो’ म्हणजे अर्धा. मराठी मुलुखातील अर्धेलीशी याचे जवळचे साम्य आहे.

३/ जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुटुंबाचे, पीक निम्मे-निम्मे. धान्य, वाइन, ऑलिव्हचे तेल, सगळ्याची वाटणी होई. शिवाय सणावारी अंडी-कोंबड्या मालकाकडे पोचवायच्या. हिशेबाची वही मालकाच्या कारभाऱ्याच्या, म्हणजे ‘फात्तोरे’च्या देखरेखीखाली. हंगाम बुडाला की वहीत कर्ज चढे. घरात लग्न ठरवण्यासाठीही अनेक ठिकाणी मालकाची संमती लागे.

४/ या करारानेच टस्कनीचा भूप्रदेश घडवला. शेतकरी गावात राहून शेतावर ये-जा करणार नाही, तर कुटुंबासह शेतावरच राहील, अशी अट असे. म्हणून प्रत्येक शेताला, म्हणजे ‘पोदेरे’ला, स्वतःचे घर. टेकड्यांवर विखुरलेली ती एकाकी घरे आज ‘निवांतपणा’साठी प्रसिद्ध आहेत. तो निवांतपणा मुळात एका कराराचे कलम होते.

५/ १८व्या शतकात या घरांना शास्त्र मिळाले. १७६५ ते १७९० या काळात टस्कनीवर राज्य करणारा पिएत्रो लिओपोल्दो हा सुधारणावादी ग्रँड ड्यूक. त्याच्याच कारकिर्दीत, १७७० मध्ये, फेर्दिनांदो मोरोत्झी याने केवळ शेतकऱ्यांच्या घरांच्या बांधणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कियाना खोऱ्यातील या धाटणीची घरे आजही ‘लिओपोल्दीने’ या नावाने ओळखली जातात.

६/ रचना ठरलेली. खाली गोठा आणि तळघर, वर माणसे. बाहेरून चढणारा दगडी जिना, कमानींचा सोपा, वर कबुतरखान्याचा बुटका मनोरा, अंगणात खळे आणि पावाची भट्टी. खाली कियाना खोऱ्यातील धिप्पाड पांढऱ्या बैलांची दावण असे. त्यांच्या अंगची ऊब हिवाळ्यात वरच्या खोल्यांना मिळे, आणि वासही.

७/ वरच्या मजल्यावर मोठे स्वयंपाकघर आणि एकच भली थोरली चूल. भाऊ, भावजया, मुले, म्हातारी माणसे असे एकत्र कुटुंब तिच्याभोवती नांदे. घराचा प्रमुख ‘कापोच्चा’ मालकाशी बोलणी करी. कोठार, कोंबड्या आणि चूल कर्त्या बाईच्या, ‘मास्साया’च्या हाती. पिढ्यानपिढ्या राबूनही घर त्यांचे होत नसे. मालकाने करार मोडला की बिऱ्हाड गाडीवर घालून निघायचे.

८/ ही व्यवस्था २०व्या शतकापर्यंत टिकली. मुसोलिनीच्या राजवटीने तिला सामाजिक सलोख्याचा आदर्श ठरवून १९३३ मध्ये तिची सनदच काढली. महायुद्धानंतर अर्धेकऱ्यांनी मोठा लढा उभारला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा वाटा ५० वरून ५३ टक्के झाला. शेकडो वर्षांच्या निम्म्यात तीन टक्क्यांची भर.

९/ पण तरुणांचे मन आता वाट्यात नव्हते. प्रातोच्या कापड गिरण्या, पोंतेदेराचा स्कूटर-कारखाना, तेथे महिन्याला रोख पगार होता. शेतघरात बहुधा नळ नव्हता, अनेक ठिकाणी वीजही नव्हती. १९५१ मध्ये इटलीतील दर १०० कामकऱ्यांपैकी सुमारे ४२ शेतीत होते; १९७१ मध्ये सुमारे १७ उरले.

१०/ सप्टेंबर १९६४ च्या कायद्याने अर्धेकऱ्याचा वाटा किमान ५८ टक्के केला आणि नव्या मेझ्झाद्रिया करारांना बंदी घातली. मुंबई राज्यात १९४८ च्या कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ जमिनीचे मानीव खरेदीदार ठरले. टस्कनीत काहींनी सरकारी कर्जावर शेत विकत घेतले. बहुसंख्य कुटुंबांनी मात्र किल्ली परत केली आणि शहर गाठले.

११/ हजारो घरे ओस पडली. कौले ढासळली, चुलीपर्यंत वेली पोचल्या. याच काळात बाहेरचे गिऱ्हाईक आले. मिलान-रोमचे धनिक, जर्मन, आणि इतके इंग्रज की कियांती भागाला थट्टेने ‘कियांतीशायर’ म्हटले जाऊ लागले. गावकऱ्यांना जी घरे गरिबीची खूण वाटत होती, ती परक्यांना सुंदर दिसली.

१२/ दरम्यान १९६५ मध्ये सिमोने वेल्लुती झाती या जमीनमालकाच्या पुढाकाराने ‘आग्रितुरिस्त’ ही संघटना स्थापन झाली. विचार साधा होता. शेती एकट्याने पोसत नसेल तर रिकाम्या खोल्यांत पाहुणे ठेवावेत, त्यांना शेतातलेच जेवण द्यावे, आणि त्या उत्पन्नावर शेती तगवावी. शेती आणि पर्यटन मिळून शब्द झाला ‘आग्रितुरिझ्मो’.

१३/ ५ डिसेंबर १९८५ च्या कायद्याने या कल्पनेला चौकट दिली. पाहुणे ठेवण्याचा हा परवाना शेतकऱ्यालाच; शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे; शेतावर आधीपासून असलेल्या इमारतीच वापरायच्या. शेतकऱ्याला ग्रामीण भागात टिकून राहता यावे, हा उद्देश कायद्यातच नोंदवला आहे. २००६ च्या नव्या कायद्यानेही हेच सूत्र कायम ठेवले.

१४/ आज इटलीत अशी २५ हजारांहून अधिक केंद्रे आहेत, त्यांपैकी पाच हजारांहून अधिक टस्कनीत. ओर्चा खोऱ्याचा देखावा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. अमेरिकन लेखिका फ्रान्सिस मेज यांच्या ‘अंडर द टस्कन सन’ (१९९६) या पुस्तकाने जुने घर दुरुस्त करण्याचे स्वप्न जगभर पोचवले.

१५/ याच यशातून घरांना नवी ‘शैली’ लाभली. गोठा झाला भोजनकक्ष, गव्हाण झाली फुलांची कुंडी, खळ्याशेजारी पोहण्याचा तलाव. कायद्याबाहेर, शेतीशी संबंध नसलेले भाड्याचे बंगलेही वाढले. एकाच टेकडीवर दोन घरे सारखीच दिसतात. एकात शेतकरी टिकला आहे, दुसऱ्यात फक्त त्याचे घर टिकले आहे.

१६/ हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. बारामती परिसरातून सुरू झालेला प्रयोग राज्यभर पसरला आणि २०२० मध्ये शासनाने कृषी पर्यटन धोरण आणले. येथे पाहुण्याला पिठले-भाकरी वाढणारा बहुधा स्वतःच त्या जमिनीचा मालक असतो. टस्कनीच्या अर्धेकऱ्याला नेमके तेवढेच मिळाले नव्हते.

१७/ सिएनाच्या दक्षिणेस बुओनकोन्वेंतो नावाचे तटबंदीचे छोटे गाव आहे. तेथे मेझ्झाद्रियाचे संग्रहालय आहे आणि त्यात अर्धेकऱ्यांचा संसार व अवजारे जपलेली आहेत. आसपासच्या टेकड्यांवर त्यांचीच घरे पाहुण्यांनी भरलेली असतात. न्याहारीनंतर थोडा वेळ काढून तेथे जाणाऱ्याला भिंतीतल्या त्या कडीचा अर्थ कळतो.