बादशहाचे दोन-तीन झुरके

मोगल वकील असद बेग विजापूरहून आग्र्याला परतला तो नजराण्यांची रास घेऊन. 1604-05 च्या सुमाराची ही गोष्ट. इब्राहिम आदिलशहाची मुलगी अकबराच्या धाकट्या मुलाला, दानियालला, दिली होती आणि त्या सोयरिकीच्या कामावरच तो गेला होता. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानात आणलेला तंबाखू त्याने विजापुरात पहिल्यांदा पाहिला. साधा आणून दिला असता तर दरबारात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नसते, हे त्याने नेमके ओळखले असावे.

त्याने थाट केला. तीन हात लांबीची रंगवलेली नळी, दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकारी. तोंडात धरायला येमेनी अकीक, निखाऱ्यासाठी सोन्याची चिलीम. आदिलशहाने दिलेल्या विड्याच्या पिशवीत तंबाखू भरला आणि सगळे चांदीच्या तबकात मांडले. नजराणे पाहता पाहता अकबराची नजर त्या तबकावर खिळली. हे काय? मक्का-मदिनेत हा तंबाखू सगळ्यांना ठाऊक आहे, असद बेगने औषध म्हणून आणलाय, असे सरदार खान-इ-आझमने सांगितले. हकीम नको नको म्हणत असताना, असद बेगचे मन राखायला म्हणून बादशहाने दोन-तीन झुरके घेतले.

मग वाद जुंपला. आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, न पारखलेले औषध बादशहाला कसे द्यायचे, असे हकिमाचे म्हणणे. जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती, हे असद बेगचे उत्तर. अकबर खूश झाला. पोथीत नाही म्हणून एखादी गोष्ट टाकून देणे त्यालाही पटणारे नव्हते. आज वाचताना गंमत वाटते. तंबाखूबद्दल खरा ठरला हकीम, पण वादात तो हरला, कारण त्याच्या हाती पोथीपलीकडे काही नव्हते.

अकबराने पुढे तंबाखूची सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र तो मागून मागून नेला, आणि व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली.

हुक्क्याचा शोध अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने लावला, असे सर्रास सांगतात. तो 1589 मध्येच वारला होता, तेव्हा या तबकाशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

जहांगीरने 1617 मध्ये धूम्रपानावर बंदी घातली. तरुणपणी दिवसाला कडक दारूचे वीस पेले रिचवल्याचे स्वतःच लिहून ठेवणारा, अफूही घेणारा हा बादशहा! इराणात शाह अब्बासनेही मनाई केली होती. पंचाईत झाली ती तिथे गेलेल्या जहांगीरच्या वकिलाची. खान आलमला तंबाखूवाचून क्षणभर करमेना. हे कानावर गेल्यावर शाहने एक शेर लिहून त्याला मोकळीक दिली. खान आलमने आभारही शेरातच मानले, आणि आपल्या धन्याने बंद केलेली नळी परक्या दरबारात राजरोस ओढली.