ट्रान्समीटर मुका, पण रेडिओ बोलका

बचत, हप्ते, पंचसूत्री, बँकेचे कागद हे विषय आपण या कार्यक्रमात नेहमी बोलतो. आज थोडा इतिहास सांगणार आहोत, आणि तोही रेडिओचाच. ज्या यंत्रातून आपण एकमेकींशी बोलतो, ते आपल्या हाताशी कसं आलं, कुणी आणलं आणि त्यासाठी कुणाला किती वर्षं थांबावं लागलं, हे आपल्याला माहीत असायला हवं. गोष्ट आहे तेलंगणातल्या माचनूर गावच्या बायांची. पण तिथं जाण्याआधी आपल्या पुण्यातून जावं लागेल.

आपल्या देशात पहिलं रीतसर रेडिओ केंद्र मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. ते एका खाजगी कंपनीचं होतं. तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि रेडिओ सरकारकडे गेला. १९३६ मध्ये त्याचं नाव ‘ऑल इंडिया रेडिओ’ झालं, पुढं आपण त्याला आकाशवाणी म्हणू लागलो. बिनतारी संदेश पाठवण्याचा हक्क फक्त सरकारचा, असं १८८५ चा तार कायदा सांगत होता. कित्येक वर्षं तर रेडिओ नुसता ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत त्या परवान्याचं पुस्तक अजून सापडेल. ऐकायलाच परवाना, तिथं बोलायचं तर नावच काढायला नको.

तेव्हाचा रेडिओ म्हणजे मीडियम वेव्ह, त्यालाच एएम म्हणतात. त्याच्या लहरी लांब जातात, जिल्हेच्या जिल्हे ओलांडतात. म्हणून एका शहरात केंद्र उभारलं की आसपासच्या शेकडो गावांत आवाज पोचायचा. पण त्यासाठी उंच मनोरा लागतो, मोठी जागा लागते, किलोवॅटमध्ये मोजावी लागणारी वीज लागते. असलं केंद्र एखाद्या गावाला किंवा बायांच्या गटाला कुठून परवडणार? म्हणजे कायदा आड होताच, यंत्राचा आकारही आडच होता.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, तिथं एक प्रयोग झाला, त्याचा दाखला आजही जगभर देतात. पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं रेडिओ मंडळ केलं, त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक दिला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास खास त्यांच्यासाठी कार्यक्रम लागायचा. असे वीस कार्यक्रम झाले. मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, रेडिओ बंद झाल्यावर त्यावर बोलायचं, आपण गावात काय करू शकतो ते ठरवायचं, आणि अडलेला प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचा. त्याचं उत्तर पुढच्या कार्यक्रमातून यायचं. कल्पना मूळची कॅनडातल्या शेतकऱ्यांची, मदत युनेस्कोची, आणि पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची.

पाहणी करणाऱ्यांनी काही गावं अशीही घेतली होती, जिथं रेडिओ होता पण मंडळ नव्हतं. दोन्हीकडच्या लोकांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. जिथं लोक एकत्र बसून चर्चा करत, तिथं माहितीत खूप जास्त भर पडली होती. नुसता रेडिओ आणून ठेवला तिथं तेवढा फरक पडला नाही. शिवाय मंडळं गावाची कामंही ठरवायला लागली. मैत्रिणींनो, हे ऐकून तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल. गोल बसायचं, बोलायचं, ठरवायचं, वहीत लिहायचं. आपल्या गटाची बैठक दुसरं काय असते? पुढं १९५९ पासून अशी मंडळं देशभर निघाली.

पण या चांगल्या प्रयोगात दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. एक, कार्यक्रम पुण्याच्या स्टुडिओत व्हायचा. गाव ऐकायचं, गाव प्रश्न पाठवायचं, पण माईक गावात नव्हता. आणि दुसरी गोष्ट तुम्हाला सांगायलाच नको. संध्याकाळची वेळ म्हणजे चुलीची, धारेची, लेकरांच्या जेवणाची. त्या वेळेला चार माणसांत जाऊन बसणं त्या काळच्या किती बायांना जमलं असेल?

आता माचनूरला जाऊ. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, कर्नाटकातलं हुमनाबाद मागं टाकलं, की तेलंगणाच्या हद्दीत झहीराबाद लागतं. सगळा कोरडवाहू मुलूख. या भागातल्या पस्तापूर गावात १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करते. गावोगावी बायांचे संघम, म्हणजे आपल्यासारखेच गट. सुमारे ७५ गावं, सुमारे ५,००० बाया. बहुतेक दलित समाजाच्या, बऱ्याच जणी अक्षरओळख नसलेल्या. त्यांनी पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आणल्या, ज्वारी, तूर, राळा, सावा अशी मिश्र पिकं घेतली, आणि गावोगावी बियाण्याच्या पेढ्या उभ्या केल्या. एक पायली बी न्यायचं, सुगीला वाढवून परत करायचं, असा व्यवहार.

या बायांना रेडिओ कशाला हवा होता? आकाशवाणी होती की. पण त्यावरची तेलुगू होती पुस्तकातली, शहरातली. यांच्या बोलीला तिथं जागा नव्हती. शेतीची माहिती यायची ती खताची, विकतच्या बियाण्याची, पाण्याखालच्या पिकांची. राळ्याचं बी राखेत कसं ठेवावं, कोणत्या नक्षत्राला काय पेरावं, बाळंतिणीला कोणती पालेभाजी द्यावी, हे सगळं ज्ञान या बायांच्या डोक्यात होतं आणि कागदावर कुठंच नव्हतं. लिहिता येत नाही तिनं आपलं शहाणपण पुढच्या पिढीला द्यायचं कसं? बोलूनच. म्हणून रेडिओ.

युनेस्कोच्या ‘बायांनी बायांशी बोलावं’ अशा नावाच्या एका उपक्रमातून १९९८ च्या सुमारास माचनूरला स्टुडिओ उभा राहिला. दोघी तरुणींनी तो चालवायला घेतला. दोघींचंही नाव नरसम्मा, म्हणून एकीला ‘जनरल’ नरसम्मा म्हणतात आणि दुसरीला अलगोळे नरसम्मा. दोघीही दलित शेतमजूर कुटुंबांतल्या. ध्वनिमुद्रण, जोडकाम, यंत्र सांभाळणं, सगळं त्या शिकल्या. तोवर एफएमचं तंत्रही आलं होतं. एफएमच्या लहरी लांब जात नाहीत, आणि तेच इथं कामाचं ठरलं. दहा-वीस किलोमीटरपुरतं बोलायचं तर यंत्र लहान चालतं, मनोरा लहान चालतो. आज सामुदायिक रेडिओला साधारण १०० वॅटची मर्यादा आहे. आपल्या घरात पूर्वी जो पिवळा मोठा बल्ब लावायचो, त्याच्यावरही १०० वॅटच लिहिलेलं असायचं!

सगळं तयार होतं. फक्त परवाना नव्हता. आणि सरकार तो देत नव्हतं.

खरं तर न्यायालयानं वाट आधीच मोकळी केली होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. भांडण होतं क्रिकेटचं. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं भरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण कुणी करायचं, यावरून सरकारशी वाद झाला होता. निकाल देताना न्यायमूर्तींनी सांगितलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी चालेल, ना पैसेवाल्यांची. त्या निकालपत्रावर ज्यांची मोहोर आहे ते न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्रातले. गावची विहीर, गावचं गायरान, तशाच या लहरीही सगळ्यांच्या, असा त्याचा साधा अर्थ.

पण निकाल कागदावर आणि माचनूरचा ट्रान्समीटर मुका. अशी एक-दोन नाही, दहा वर्षं गेली. याच काळात खाजगी कंपन्यांना शहरात एफएम केंद्रं मिळाली. २००२ च्या डिसेंबरात सरकारनं शिक्षणसंस्थांना दार उघडलं, आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. म्हणजे पैसेवाले बोलू लागले, शिकलेले बोलू लागले. गावच्या बाया अजून दाराबाहेर.

या दहा वर्षांत माचनूरच्या बायांनी काय केलं, ते नीट ऐका. कारण या सगळ्या इतिहासातला मुद्दा तोच आहे. त्यांनी स्टुडिओला कुलूप लावलं नाही. त्या ध्वनिमुद्रण करत राहिल्या. बियाण्याबद्दल म्हाताऱ्यांचं बोलणं, पेरणीची आणि सणांची गाणी, औषधी पाल्याची माहिती, बायांचे प्रश्न आणि बायांचीच उत्तरं. त्याच्या कॅसेटी केल्या. कॅसेट आणि टेप घेऊन त्या गावोगावच्या संघमच्या बैठकीत जायच्या. बाया गोल बसायच्या, टेप लावायची, ऐकून झालं की चर्चा. त्यातून जे नवीन निघेल ते पुढच्या कॅसेटीत. शेकडो तासांचं ध्वनिमुद्रण असं जमलं. हवेतून आवाज जाऊ देत नाहीत ना, मग पायी नेऊ, असा त्यांचा हिशेब होता.

पुण्याच्या मंडळांत ऐकण्याची आणि चर्चेची रीत होती, माईक मात्र शहरात होता. माचनूरला माईक गावात होता, फक्त ट्रान्समीटरला तोंड नव्हतं. आणि तरीही आम्ही म्हणू, की ते दहा वर्षं चाललेलं रेडिओ केंद्रच होतं. कारण बोलणारी होती, ऐकणारी होती, आणि ऐकणारी उद्या बोलणारी होत होती.

त्या गप्पही बसल्या नव्हत्या. सामुदायिक रेडिओसाठी देशभर जी मंडळी झगडत होती, त्यांच्यात या बायांचा शब्द मोलाचा होता. २००० साली या लोकांनी एकत्र येऊन जे मागणीपत्र काढलं, त्याला पस्तापूरचंच नाव दिलं गेलं. अखेर नोव्हेंबर २००६ मध्ये केंद्र सरकारनं नवं धोरण आणलं आणि लोकांच्या संस्थांना परवाना मिळण्याची सोय झाली. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, तिचं त्या भागात काम हवं, आणि निम्मे तरी कार्यक्रम तिथल्या लोकांनीच केलेले हवेत, अशा अटी होत्या. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे बंधन मात्र राहिलं. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात, तेवढंच.

१५ ऑक्टोबर २००८. हा दिवस जगभर ग्रामीण महिला दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी माचनूरचं ‘संघम रेडिओ’ ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झालं. लोकसंस्थेला मिळालेल्या परवान्यावर चालणारं हे देशातलं पहिलं ग्रामीण केंद्र. उद्घाटनाला कोण होतं, सांगा बरं? न्यायमूर्ती पी. बी. सावंत. ज्यांनी लहरी सगळ्यांच्या म्हणून निकाल दिला, त्यांच्यासमोर त्या लहरी तेरा वर्षांनी बायांच्या हातात आल्या. त्याच २००८ साली आपल्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला, ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. दुष्काळी गावातल्या बायांचा आवाज असा मराठीतही हवेवर आला.

मैत्रिणींनो, केंद्र सुरू झालं म्हणजे झालं, असं नसतं. वीजबिल, दुरुस्ती, मानधन, परवान्याचं नूतनीकरण यासाठी पैसा लागतो. जाहिरात मिळते ती थोडी. अनेक सामुदायिक केंद्रं या ओझ्यानं दमतात. आणि आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, मग रेडिओ कशाला, असं तुमच्यापैकीही काही जणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण मोबाइलवर सकाळपासून जे येतं, त्यातलं आपल्या गावातल्या बाईनं केलेलं किती असतं? बहुतेक दुसरीकडून येतं, आपण ते पुढं ढकलतो. तिथं आपण पुन्हा नुसत्या ऐकणाऱ्या होतो, आपल्या आजोबांसारख्या, फक्त परवान्याचं पुस्तक तेवढं नाही.

आम्ही गटागटांत फिरतो तेव्हा एक गोष्ट नेहमी दिसते. हिशेब तोंडपाठ असलेली, बँकेच्या साहेबाला बिनधास्त प्रश्न विचारणारी ताई, ध्वनिमुद्रणाचं यंत्र पुढं केलं की पदर सावरते आणि म्हणते, ‘मला काय येतंय, तुम्हीच बोला.’ माचनूरच्या बायाही सुरुवातीला याहून वेगळ्या नसतील. दहा वर्षं एकमेकींसमोर बोलून बोलून त्यांचा आवाज तयार झाला. परवाना आला तेव्हा त्यांना बोलायला शिकायचं राहिलं नव्हतं.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीसाठी एक काम देतो. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, की मोबाइलचं ध्वनिमुद्रण सुरू करा. गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारा, की तिच्या लहानपणी घरात कोणकोणतं बी राखून ठेवत आणि कसं. पाच मिनिटं पुरेत. पुढच्या बैठकीत ते सगळ्यांना ऐकवा, त्यावर बोला, आणि वाटलं तर आमच्याकडे पाठवा. कार्यक्रमात लावू. नाही पाठवलंत तरी हरकत नाही. गटात लावलंत, की तुमचं केंद्र सुरू झालंच.