मुळशी सत्याग्रहातील हितविचार आणि भावविचार

इ. स. १९२१ च्या एप्रिल महिन्यात, रामनवमीच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात शेकडो मावळे टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडले. नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळील या धरणाने सुमारे पन्नास गावे आपल्या भातखाचरांसह पाण्याखाली जाणार होती. या लढ्याची हकीकत विनायकराव भुस्कुटे यांनी सत्याग्रही या नात्याने व पुढे राजेंद्र व्होरा यांनी अभ्यासकाच्या दृष्टीने लिहून ठेविली आहे; ती समग्र येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्या वादातील नीतिविचार हा आहे. माणसाचे हित ठरविताना त्याच्या भावनेस पुराव्याचे स्थान द्यावयाचे, की मोबदला देऊन दूर करावयाची ती एक अडचण समजावयाची, हा प्रश्न मुळशीत उघड्यावर आला.

कंपनीची बाजू उपयुक्ततावादाची होती. धरणाच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालतील, कोळसा वाचेल, हजारोंना रोजगार मिळेल. उलट बाजूस काही हजार शेतकऱ्यांचे नुकसान, आणि तेही पैशाने भरून देण्याजोगे. मिलच्या ग्रंथात ज्या मताची प्रौढ मांडणी आहे, त्याचेच हे व्यवहारी रूप होय. पुण्याच्या सुशिक्षितांना हे मत अपरिचित नव्हते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी ‘आधिभौतिक सुखवाद’ या प्रकरणात त्याची सविस्तर परीक्षा केली होती. तेथे अमेरिकेतील एका शहराचे उदाहरण आहे. सर्वांच्या सोयीची ट्राम लवकर सुरू व्हावी म्हणून तिच्या चालकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली, आणि तरीही त्याच्यावर खटला होऊन त्यास दंड झाला. बाह्य परिणामांची बेरीज करून कर्माची नीतिमत्ता ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, हा टिळकांचा आक्षेप. मुळशीचा वाद पेटला तेव्हा टिळक हयात नव्हते. परंतु वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांच्या हाती हे पुस्तक होते असे मानण्यास हरकत नसावी.

मात्र या आक्षेपात एक उणीव राहते. तो कर्त्याकडे पाहतो. ज्याच्यावर कर्माचा परिणाम होतो त्याच्या भावनेकडे पाहत नाही. ती उणीव गांधीजींच्या लेखाने काहीशी भरून काढली. एप्रिल १९२१ मधील ‘यंग इंडिया’त त्यांनी टाटांना आपल्या कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी विचारविनिमय करण्याचे आवाहन केले, आणि एकाही गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध मिळविलेल्या लाभांची किंमत काय, असा प्रश्न विचारला. या प्रश्नाजवळ येताच चिनी नीतिविचाराच्या अभ्यासकास मेन्शियसची आठवण होते. साम्राज्य मिळत असले तरी त्यासाठी एक अन्याय्य कृत्य करणे किंवा एका निरपराध्यास मारणे खऱ्या साधुपुरुषांना मान्य होणार नाही, असे मेन्शियसने म्हटले आहे. साम्य मोहक आहे, पण ते ताणू नये. गांधीजींचा भर संमतीवर आहे, मेन्शियसचा निरपराधित्वावर. शिवाय मुळशीतील कोणी मेन्शियस वाचला होता असा आमचा मुळीच दावा नाही. तुलना आमची आहे. ती वादाचा एक पदर उलगडण्यापुरती उपयोगी पडते, इतकेच.

पश्चिमेत हिशेब आणि पूर्वेत हृदय, अशी सोपी विभागणी आपल्याकडील व्याख्यानांतून ऐकू येते. ती टिकत नाही. योग्य प्रसंगी, योग्य व्यक्तीविषयी, योग्य प्रमाणात भावना उत्पन्न होणे हा ॲरिस्टॉटलच्या मते सद्गुणाचाच भाग आहे. उलट प्राचीन चीनमधील मो-त्झु हा मिलला शोभेल असा हिशेबी होता. दीर्घकालीन सुतक आणि थाटाचे अंत्यविधी यांनी शेती बुडते, लोकसंख्या घटते, म्हणून ते टाकावे, असे तो सांगे. कन्फ्यूशियसचा शिष्य त्साय वो यानेही आईबापांसाठी तीन वर्षांचे सुतक फार होते, एक वर्ष पुरे, अशी शंका काढली होती. गुरूने त्यावर हिशेब मांडला नाही. त्याने विचारले, त्या काळात चांगला भात खाताना व भरजरी वस्त्रे नेसताना तुझ्या मनाला स्वस्थ वाटेल काय? शिष्य म्हणाला, वाटेल. मग तसे कर, असे म्हणून गुरू थांबला. शिष्य बाहेर गेल्यावर मात्र त्याने खेद व्यक्त केला. भावनेवर उभारलेल्या नीतीची शक्ती आणि तिची दुर्बलता ही दोन्ही या लहानशा संवादात आहेत. समोरच्याला स्वस्थ वाटत असेल तर पुढे काय बोलावे?

मुळशीत नेमके हेच घडले. पेट्यातील पुष्कळशी जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि ती कसत होती कुळे. सावकारांना भूमीचा जिव्हाळा नव्हता असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल; तथापि भरपाईचा आकडा मनाजोगा येण्याची शक्यता दिसताच त्यांच्यापैकी अनेकांचे मन स्वस्थ झाले, आणि लढ्यात फूट पडली. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा सर्वांच्या तोंडी एकच असली, तरी तिचा अर्थ प्रत्येकाच्या बाबतीत एक नव्हता.

येथे मेन्शियसचे दुसरे एक मत अधिक उपयोगी पडते. स्थिर उपजीविका नसेल तर सामान्य माणसाचे चित्त स्थिर राहत नाही, तिच्यावाचून चित्त स्थिर राखणे केवळ विद्वज्जनांनाच साधते. आणि लोकांना त्या अवस्थेत लोटून मग गुन्हा केला म्हणून शिक्षा करणे म्हणजे त्यांना जाळ्यात पकडणे होय, असे त्याने ची राज्याच्या राजाला बजावले. या मतानुसार जमिनीविषयीची भावना उपजीविकेहून वेगळी काढता येत नाही. कुळाची भावना आणि सावकाराची भावना यांत जो फरक पडला, तो शीलाचा नसून जमिनीशी असलेल्या संबंधाचा होता. मोबदल्याच्या हिशेबात सावकाराचे हित बरेचसे मावले. कुळाचे मावले नाही, कारण त्याचे जे गेले त्यावर त्याचे नावच नव्हते. पुढे स्त्रीपुरुष सत्याग्रही तुरुंगात गेले. सेनापती बापट यांनी अखेरीस रेल्वेगाडी अडविण्याचा मार्ग पत्करला व सात वर्षांची शिक्षा भोगून ते १९३१ मध्ये सुटले. त्यांच्या क्रोधाचे मूल्यमापन ॲरिस्टॉटलच्या कसोटीने करावे की मेन्शियसने वाखाणलेल्या, प्रजेला शांती देणाऱ्या राजक्रोधाच्या, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ची राज्याचाच राजा बळीसाठी नेला जाणारा थरथरता बैल पाहून कळवळला आणि त्याने बैलाऐवजी मेंढरू नेण्यास सांगितले. लोकांनी त्यास कंजूष ठरविले. मेन्शियस म्हणाला, तसे नव्हे. आपण बैल पाहिला होता, मेंढरू पाहिले नव्हते. १९२७ मध्ये कोकणातील भिरा येथील वीजगृह सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईला पोहोचू लागली. ती वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती बुडालेली खाचरे पाहिली होती.