जुन्या मोटारीचा इंधनखर्च : आधी मोजमाप, मग दुरुस्ती

बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्यातील रस्त्यांवर पंधरा-वीस वर्षांच्या मोटारी अजूनही नेमाने धावताना दिसतात. केए-२२ आणि केए-२३ पाट्यांच्या या गाड्या कधी रुग्णाला घेऊन कोल्हापूर-मिरजेकडे जातात, कधी लग्नकार्यासाठी वा कुलदैवताच्या दर्शनासाठी चोर्ला घाट उतरून गोव्यात येतात. लाख-दीड लाख किलोमीटर पूर्ण केलेल्या अशा गाडीबद्दल मालकाची एक तक्रार हमखास असते : ‘आता पूर्वीसारखे ॲव्हरेज देत नाही.’ तक्रार बहुतेकदा खरी असते. तिच्यावरचा खर्च मात्र अंदाजाने होतो. कोणी प्लग बदलतो, कोणी इंधनात टाकायच्या औषधाची बाटली टाकीत ओततो, तर कोणी थेट गाडीच विकायला काढतो.

वस्तुतः घटलेल्या ॲव्हरेजमागे तीन निरनिराळी कारणे असतात : यंत्राची झीज व हेळसांड, चालवण्याची पद्धत व रस्ता, आणि खुद्द इंधनात झालेला बदल. पहिल्या दोन कारणांनी गेलेले बरेचसे परत मिळवता येते. तिसऱ्याने गेलेले मिळत नाही. ही तिन्ही वेगळी केल्याशिवाय गॅरेजमध्ये दिलेला पैसा कामी आला की वाया गेला, हे कळण्याचा मार्ग नाही.

मोजमाप कसे करावे

जुन्या गाड्यांत ॲव्हरेज दाखवणारा पडदा बहुधा नसतोच. टाकी ते टाकी मोजणे हीच खात्रीची रीत होय. पंपाचे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होते तिथे थांबावे आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढील खेपेस शक्यतो त्याच पंपावर, तशीच टाकी भरावी. मधले अंतर भरलेल्या लिटरने भागावे. ४१२ किलोमीटरनंतर ३१.७ लिटर लागले, तर ॲव्हरेज १३ झाले. एका वेळच्या हिशेबात लिटर-अर्धा लिटर इकडेतिकडे होते; म्हणून सलग तीन टाक्यांची सरासरी घ्यावी.

आपल्या भागात यात आणखी एक मेख आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे आणि पणजी समुद्राकाठी. माणसांसह एक टन वजनाची गाडी एवढी वर चढवायला, सपाट रस्त्याच्या खर्चाखेरीज, साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल केवळ चढणीपोटी जळते. त्यामुळे गोव्याला उतरताना गाडी ‘फारच छान’ वाटते आणि परतताना तिच्यात काही बिघाड झाल्याचा भास होतो. दोन्ही निष्कर्ष फसवे आहेत. मोजमाप नेहमी जाऊन-येऊन, पूर्ण फेरीचे करावे.

आधी स्वस्त गोष्टी

दुरुस्तीचा क्रम खर्चाच्या चढत्या भाजणीने लावावा. सर्वांत स्वस्त उपाय चाकांतील हवेचा. चारही टायरांत एक पीएसआय हवा कमी असेल तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त लागते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण महिनोन्‌महिने न तपासलेल्या टायरांत दहा पीएसआयची घट सहज आढळते आणि मग तोच आकडा दोन टक्क्यांवर जातो. टायर मध्येच झिजून बदलावा लागतो तो खर्च निराळा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. किती भरावी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, भरण्याचा नव्हे.

दुसरी तपासणी ब्रेकची. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून चार-आठ दिवस उभी राहिलेली गाडी मागच्या चाकांचे ब्रेक-शू धरून ठेवते. पुढच्या कॅलिपरची पिन गंजली तरी तेच होते. सपाट रस्त्यावर वीसेक किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवून गाडी थांबवावी आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात धरून पाहावा. एखादे चाक इतरांहून स्पष्टपणे तापले असेल तर ब्रेक चिकटत आहे. असे चाक घेऊन चालणे म्हणजे एक पाय ब्रेकवर ठेवूनच चालवणे. यात प्रश्न पेट्रोलपुरता राहत नाही. तापलेला ब्रेक घाटात दगा देतो.

तिसरी गोष्ट वजनाची. साधारण ४५ किलो अनावश्यक ओझ्याने छोट्या गाडीचे ॲव्हरेज एक टक्क्याच्या आसपास घटते. एकदा सामान नेण्यासाठी बसवलेले आणि मग वर्षभर टपावरच राहिलेले कॅरिअर वाऱ्याला अडवते. महामार्गावर त्याचा फटका वजनापेक्षा मोठा असतो.

इंजिनाकडे वळताना

हवेचा फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढते, ही समजूत अर्धीच खरी आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत चोंदलेला फिल्टर खरोखर इंधन वाढवतो. इंजेक्शनच्या गाडीत मात्र संगणक हवेच्या मानाने इंधन कमी करतो; तिथे फिल्टर खराब झाल्यास गाडीची ओढ कमी होते, ॲव्हरेज फारसे नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांतही हेच दिसून आले. खानापूरकडची लाल माती आणि ऊसवाहतुकीची धूळ पाहता फिल्टर वेळेवर बदलावा हे खरे. पण तो इंजिनाच्या रक्षणासाठी, चमत्काराच्या अपेक्षेने नव्हे.

इंजेक्शनच्या जुन्या गाडीत अधिक संशय घ्यावा तो ऑक्सिजन सेन्सरचा. धुरातील ऑक्सिजन मोजून हा सेन्सर संगणकाला इंधनाचे प्रमाण सांगतो. तो मंदावला की इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळत राहते. पार निकामी झालेला सेन्सर बदलल्यावर काही गाड्यांत ४० टक्क्यांपर्यंत सुधारणा झाल्याची नोंद आहे. दुसरा संशयित थर्मोस्टॅट. ‘आपल्याकडे उष्णता फार’ या समजुतीने तो काढून टाकण्याची प्रथा अनेक गॅरेजांत होती. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, संगणक त्याला ‘थंड’ समजून पेट्रोल वाढवतो. बेळगावच्या पावसाळी गारव्यात आणि गावातल्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत हा तोटा आणखी वाढतो. तापमानाचा काटा अर्ध्यापर्यंत कधीच चढत नसेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे मिस्त्रींना आधी विचारावे.

या दोषांची पहिली खूण जवळजवळ फुकट मिळते, ती पीयूसीच्या कागदावर. आपण शिक्का पाहून तो कागद काचेमागे ठेवतो. त्यावरचे आकडे वाचत नाही. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल मोटारींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, तर बीएस-४ साठी ०.३ टक्के आहे. आकडा मर्यादेच्या काठावर असेल किंवा दर खेपेस वाढत असेल, तर पेट्रोल पुरते जळत नाही, असा त्याचा अर्थ. धुराचा रंगही बोलतो : काळा धूर म्हणजे जादा इंधन, निळा म्हणजे ऑइल जळणे, गरम इंजिनातूनही सतत येणारा पांढरा धूर म्हणजे शीतकाचे पाणी आत शिरणे. डिझेल गाडीत काळा धूर व घटलेली ओढ दिसली तर इंजेक्टर आणि पंप तपासून घ्यावेत.

निळा धूर असेल तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. रिंगा झिजल्या असतील, तर प्लग, फिल्टर आणि महाग ऑइल हे सारे वरवरचे लेप ठरतात. तसेच चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत आहे. तिथे इंजिन निर्दोष असते. इंधनाच्या नळीवर बसवायची चुंबके आणि तत्सम ‘बचत’ उपकरणे यांपासून दूर राहिलेले बरे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. फारच थोड्यांनी किंचित फरक दाखवला.

तवंदी, वंटमुरी, चोर्ला

पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजेच १९७८ मध्ये स्थापन झालेली पीसीआरए, मोटारीसाठी ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग किफायतशीर सांगत आली आहे. राष्ट्रीय महामार्गावर तो पाळणे दरवेळी शक्य नसले, तरी त्यामागचे तत्त्व ध्यानात ठेवावे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेल्यास तो ५६ टक्क्यांनी वाढतो. बेळगाव ते निपाणी या सुमारे ७० किलोमीटरच्या अंतरात १०० ऐवजी ८० चा वेग ठेवल्यास वाटेत दहा-बारा मिनिटेच जास्त लागतात. गळीत हंगामात ऊसभरल्या ट्रॉल्यांच्या मागे वारंवार जोर लावणे आणि ब्रेक दाबणे, यात मात्र वेळही वाचत नाही आणि पेट्रोलही.

घाटाबाबत एक सवय सोडणे अगत्याचे आहे. वंटमुरी, निपाणीजवळचा तवंदी किंवा चोर्ला उतरताना अनेक जण गाडी न्यूट्रल करतात; काही तर इंजिनच बंद करतात. कार्ब्युरेटरच्या काळात यातून चार थेंब वाचत असतील. इंजेक्शनच्या गाडीत हिशेब उलटा आहे. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर इंजेक्टर इंधन सोडणेच थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळत राहते. म्हणजे न्यूट्रल करणारा पेट्रोल वाचवत नाही, जाळतो, आणि वर इंजिनाचा आधार गमावून सारा भार ब्रेकवर टाकतो. इंजिन बंद केल्यास ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन दाबांत संपते. तवंदी घाटात ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांचे अपघात या भागाने पाहिले आहेत. ज्या गिअरने घाट चढावा लागेल, साधारण त्याच गिअरने तो उतरावा, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे.

जे परत मिळत नाही

आता तिसरे कारण, इंधन. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरू येथे औपचारिकपणे दाखल झाले. २०२५ पर्यंत ते देशभर नेहमीचे पेट्रोल बनले. यातील इथेनॉलचा मोठा वाटा उसापासून येतो आणि संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ हे सहकारी साखर कारखाने ज्या पट्ट्यात उभे आहेत, त्या पट्ट्याच्या अर्थकारणाचा तो आता भाग आहे. ज्याच्या शेतातला ऊस गाळपाला जातो, त्याच्याच मोटारीच्या टाकीत तो दुसऱ्या रूपाने परततो.

मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या जून २०२१ मधील आराखड्यातच, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व ई-१० साठी जुळवलेल्या मोटारींचे ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल आणि ई-१० साठी रचून ई-२० ला जुळवलेल्या मोटारींचे १ ते २ टक्के, असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे १५ देणारी जुनी गाडी सर्व काही ठीक असतानाही १४ वर येऊ शकते. हा एक किलोमीटर कोणताही मिस्त्री परत आणून देणार नाही. तो आणण्याच्या नादात सुटे भाग बदलत बसू नये. काळजी घ्यायची ती निराळी : इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट यांना भेगा वा पाझर आहे का, हे प्रत्येक सर्व्हिसिंगला पाहावे. इथेनॉल ओलावा शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल साचू देऊ नये. पेट्रोलचा वास येत असेल तर प्रश्न ॲव्हरेजचा राहत नाही, आगीचा होतो.

शेवटी रुपयांचा हिशेब

समजा, गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालते. ॲव्हरेज १२ असेल तर हजार लिटर लागतात. १४ झाले तर सुमारे ८५७. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाकाठी १४ हजारांहून अधिक वाचतात. हवा, ब्रेक, सेन्सर, थर्मोस्टॅट एवढ्यावर भागणार असेल, तर हा सौदा उघडच फायद्याचा आहे. इंजिन पूर्ण उघडायची वेळ आली असेल, तर खर्च किती वर्षांत भरून निघेल, हे याच रीतीने भागून पाहावे. त्यात नोंदणीचाही विचार हवा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाले आहे.

सीमेवरच्या माणसाला आणखी एक मोह असतो, पलीकडच्या राज्यातील स्वस्त पेट्रोलचा. वाटेवरच पंप असेल तर अवश्य भरावे. पण लिटरमागे तीन रुपये वाचवण्यासाठी मुद्दाम दहा किलोमीटर जाऊन परतणाऱ्याचे ३० लिटरमागे ९० रुपये वाचतात आणि १३ च्या ॲव्हरेजने दीडशे रुपयांचे पेट्रोल जळते.

जुन्या मोटारीचे गणित हे असे आहे. एक वही, एक हवेचा मापक आणि पीयूसीचा कागद एवढ्यावर त्याचा आरंभ होतो. तीन टाक्यांची नोंद हाती घेऊन जो मालक गॅरेजमध्ये जातो, त्याला मिस्त्रीही ‘बघू या’ म्हणून वाटेला लावत नाही. आकडे पाहूनच बॉनेट उघडतो.