दिनविशेष : ४ जुलै १९९८
विम्बल्डनच्या अंतिम फेरीत चेक प्रजासत्ताकाच्या याना नोव्होत्नाने फ्रान्सच्या नताली तोझियाला ६-४, ७-६ असे हरवले. एकेरीतले तिचे हे एकमेव ग्रँडस्लॅम. वय २९.

ते पाच वर्षे आधीच मिळायचे. १९९३ च्या अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ती ४-१ अशी पुढे होती, सर्व्हिस तिची आणि गुण ४०-३०. तिथे डबल फॉल्ट झाला आणि पुढचे सगळे गेम ग्राफने घेतले. बक्षीस समारंभात केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोके ठेवून ती रडली. १९९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसकडूनही अंतिम फेरीत हार. ९८ ला मात्र उपांत्य फेरीत तिने हिंगिसलाच घरी पाठवले. घरी कसले, दोघींनी मिळून त्याच स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद पटकावले!

ब्रनोची ही मुलगी सर्व्हिस करून थेट नेटकडे धावणाऱ्यांतली. हाना मांडलिकोव्हा तिची प्रशिक्षक. रडण्याचीच आठवण लोक काढतात, हे अन्यायाचे आहे : महिला दुहेरीत १२ आणि मिश्र दुहेरीत ४ ग्रँडस्लॅम तिच्या नावावर आहेत. १९९९ मध्ये निवृत्ती, २०१७ मध्ये कर्करोगाने निधन.