भाडे परवडते, वाडी परवडत नाही

रत्नागिरी शहरात मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव या भागांत खोली शोधणाऱ्याला पहिली अडचण येते ती भाड्याची आणि डिपॉझिटची. आमच्या माणसाला ती येतेच, पण तिच्यानंतर आणखी एक येते. "गाव कुठलं?" असे विचारतात. गाव सांगितले की हळूच पुढचा प्रश्न येतो, "वाडी कुठली?" कोकणात वाडी सांगितली की जात सांगितली. आडनावावरून कळले नाही तरी आधारकार्डावरची 'बौद्धवाडी' सगळे सांगून टाकते.

कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या एका पोरासाठी आम्ही खोली बघायला गेलो होतो. सकाळी भाडे ठरले, आधारकार्डाची झेरॉक्स दिली. संध्याकाळी मालकाचा फोन आला, "आमचं काही नाही हो, पण आईला चालत नाही."

हे वाक्य ऐकून आम्हाला 1917 चे बडोदे आठवले.

याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. कोलंबिया आणि लंडन इथे शिकून आलेले बाबासाहेब 1917 मध्ये बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. हाती पगाराची नोकरी होती, पण शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली.

हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. पण त्याच्या पुढचा भाग आपण नीट वाचत नाही. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायको परत आल्यावर तिला विचारून सांगतो म्हटले. दोघांपैकी एकानेही 'मला चालत नाही' असे म्हटले नाही. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

तेव्हा नोकर आणि बायको होती, आज आई आहे, सोसायटी आहे, 'शेजारचे लोक' आहेत. जात पाळणारा माणूस नेहमी दुसराच कोणीतरी असतो! नकाराचा हा जुना साचा आहे आणि म्हणूनच तो पकडता येत नाही.

आता मुंबईकडे पाहा. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कष्टकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीतील ट्रस्टच्या चाळीत 50 आणि 51 नंबरच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब 1912 ते 1934 राहिले. बडोद्यात अधिकाऱ्याला न मिळालेले छप्पर परळला एका पेन्शनर सुभेदाराच्या कुटुंबाला मिळाले. का? इथे मालक संस्था होती. संस्थेला आई नसते, नोकर पळून जाण्याची भीती नसते.

म्हणून चाळीत जात संपली असे आम्ही म्हणत नाही. 1974 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत काय घडले हे पँथरच्या पिढीला विचारा. पण निदान खोलीचा दरवाजा तरी उघडला होता.

आमच्या रत्नागिरीत 1931 साली पतितपावन मंदिर उघडले. त्याचे गोडवे आजही गायले जातात. आमचा प्रश्न साधा आहे: देवळात माणूस घटकाभर जातो, घरात रोज रात्री निजतो. देवळाचे दार उघडून नव्वद वर्षे उलटली तरी भाड्याच्या खोलीचे दार वाडी विचारूनच का उघडते?

कायदा नाही असे नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून अडवणे गुन्हा आहे. पण 'आईला चालत नाही' हे कोर्टात सिद्ध कसे करायचे? जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. पाटीवरचे नाव बदलेल, पण विचारणाऱ्याच्या मनातले कसे बदलणार?

म्हणून आमचे म्हणणे असे की, घरमालकाचे मन बदलण्याची वाट पाहत आमच्या पोरांनी किती पिढ्या बागेत बसायचे? नगरपरिषदेने आणि सरकारने शहरात भाड्याची घरे बांधावीत, विद्यार्थ्यांची वसतिगृहे वाढवावीत आणि खोल्यांचे वाटप नियमाने, अर्जाच्या क्रमाने करावे. आणि आपण? खोली नाकारली गेली की गप्प बसू नये. तारीख, वेळ आणि मालकाचे शब्द लिहून ठेवावेत. बाबासाहेबांनी बडोद्याची हकीकत स्वतः लिहून ठेवली, म्हणूनच ती आज आपल्या हातात पुरावा आहे.

जय भीम!