लिलावाची शेवटची घटका

बदलापूर स्थानकातून पूर्वेस बाहेर पडून कात्रपच्या दिशेने चालू लागले म्हणजे, जेथे एका पिढीपूर्वी पावसाळ्यात भाताची खाचरे भरत असत तेथे आता दुतर्फा इमारतींच्या रांगा लागलेल्या दिसतात. आणि या इमारतींतील घरे ज्यांनी कर्ज काढून घेतली त्यांपैकी काहींच्या नशिबी पुढे काय आले, हे समजून घेण्यासाठी कोणाच्या दारी जाण्याची आवश्यकता नाही, वर्तमानपत्राचे आतले पान उघडले तरी पुरे. बारीक टायपात, एकाला एक चिकटून छापलेल्या त्या विक्री-सूचनांत 'मौजे कात्रप, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे' ही ओळ येते, सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर येतो, चतुःसीमा येतात, राखीव किंमत आणि इसारा अनामत रक्कम येते, मालमत्ता 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे' या तत्त्वावर विकली जाईल असा इशारा येतो, आणि सर्वांत शेवटी, ज्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचितच जाते असे एक वाक्य येते: लिलावाची वेळ अमुक ते अमुक, 'प्रत्येकी ५ मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह'. मला स्वतःला त्या संपूर्ण जाहिरातीत हे शेवटचे वाक्यच सर्वांत मनोरंजक वाटत आले आहे, कारण त्या पाच मिनिटांच्या पाठीमागे निदान साडेतीनशे वर्षांचा एक झगडा उभा आहे. लिलाव सुरू कसा करावा याविषयी कोणाचे कधी फारसे दुमत नव्हते. तो संपवावा कसा, हाच खरा प्रश्न होता.

'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. त्यांचा 'लेइलांव' मूळ अरबी, आणि त्या अरबी शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे जाहीर करण्याचा, दवंडीचा. ठाणे आणि वसई चिमाजी अप्पांनी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत घेईपर्यंत फिरंग्यांचा अंमल या उत्तर कोकणात खाडीपलीकडेच होता, तेव्हा हा शब्द गोव्याच्या बाजूने वर सरकला की वसईच्या बाजूने आत शिरला याचा निवाडा करीत बसण्याचे कारण नाही. वस्तू मात्र शब्दाच्या कितीतरी आधीची. मराठी दफ्तरांत इजारा आहे, मक्ता आहे. आणि 'सवाल' हा आज केवळ प्रश्न या अर्थी उरलेला शब्द बोली या अर्थी रुळलेला होता, म्हणजे लिलावात किंमत सांगणारा मनुष्य एका परीने समोरच्या सभेला प्रश्नच विचारीत असे.

या इजाऱ्याचे अत्यंत विकृत रूप दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दिसले. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात त्याने नमूद केले आहे की, मामलत ही अनुभवी व सचोटीच्या माणसाला देण्याची गोष्ट न राहता पेशव्याच्या हुजऱ्या-आश्रितांत तिचा लिलाव होई, चढती बोली करण्यास त्यांना उत्तेजन मिळे, जो मागे सरेल त्याच्यावर प्रसंगी इतराजीही होई, आणि पुढच्या वर्षी हाच प्रकार नव्याने होऊन परगणा बहुधा त्याहून चढ्या बोलीवाल्याच्या हाती जाई. विजेत्या सत्तेचा प्रतिनिधी पराजिताविषयी लिहितो तेव्हा त्याचे माप थोडे हातचे राखून घ्यावे हे खरे. परंतु या वर्णनातील मर्म निंदेत नसून रचनेत आहे. हा असा लिलाव होता की ज्याला अखेर नव्हती. आज ज्याच्या नावावर परगणा चढला त्याला ठाऊक असे की वर्ष सरताच कोणी दुसरा वरचढ सवाल घालील. मग तो जमिनीची व रयतेची काळजी कशाला वाहील? मिळाले त्या अवधीत जेवढे पिळून निघेल तेवढे तो पिळून घेई, आणि बोलीची रक्कम शेवटी गावच्या पाटलाच्या उंबरठ्यावर येऊन आदळे.

याच्या नेमक्या उलट टोकाचा प्रकार लंडनमध्ये सतराव्या शतकात चाले, आणि ज्या ईस्ट इंडिया कंपनीने पुढे बाजीरावाचे राज्य घेतले तीही आपला माल त्या पद्धतीने विकीत असे. इंचभर मेणबत्ती पेटवावयाची. ती जळते आहे तोवर बोली चालू. ज्योत मालवली की तत्पूर्वीची शेवटची बोली कायम. सॅम्युएल पीप्स हा इंग्रजांच्या आरमारखात्याचा चिटणीस, रोजनिशी लिहिण्याचा मोठा षोकी. १६६२ च्या सप्टेंबरात जुन्या जहाजांच्या अशाच एका विक्रीस तो हजर असता त्याला दिसले की एक मनुष्य इतरांपेक्षा फार धूर्तपणे नेमक्या क्षणी बोली करतो. पीप्सने त्याला त्याची युक्ती विचारली. त्या गृहस्थाने सांगितले की वात विझावयाच्या क्षणी धूर खाली उतरतो. त्यावरूनच शेवटच्या बोलीचा क्षण त्याला कळे. शेवटच्या निमिषाला झडप घालण्याची कला संगणकाने जन्मास घातली असे मानणाऱ्यांनी हा धूर जरूर आठवावा.

आपल्याकडे असे काही होण्याचा संभव नव्हता, कारण आपला लिलाव मेणबत्तीने वा घड्याळाने संपत नसे, माणसाच्या तोंडाने संपे. 'एक वार... दोन वार...' आणि मग तो प्रदीर्घ, छळवादी विराम, ज्यात लिलाव पुकारणारा प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहून घेई. कोणाचे ओठ हलले की गणती पुन्हा एकपासून. नवरात्रात मंडळांपुढे देवीच्या साड्यांचा जो लिलाव होतो त्यात हे आजही पाहावयास मिळते. 'तीन वार' उच्चारल्यावाचून विक्री पुरी नाही, आणि ते उच्चारण्यापूर्वी प्रत्येकाला उत्तर देण्यास अवकाश आहे, तेव्हा दबा धरून बसण्याने काही साधत नाही. या पद्धतीत दोष होते ते निराळे. ठाणे जिल्ह्यातील जंगलांचे तोडीसाठीचे कूप लिलावात काढले जात तेव्हा ठेकेदार आधीच संगनमत करून येत, आणि कुऱ्हाड चालविणारा आदिवासी मजूर त्या हिशेबात कोठेच नसे. १९४७ पासून मुंबई सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांना लिलावाविना कूप देण्याचा जो मार्ग काढला तो यावर उपाय म्हणून.

धान्याच्या व गुळाच्या पेठांत याहून चमत्कारिक अशी हत्ता पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत, बोटांच्या दाबाने आकडा सांगितला जाई, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूस उभा राहून केवळ हलणारे फडके पाही. १९३९ च्या मुंबईच्या आणि पुढे १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार कायद्यान्वये नियंत्रित बाजारांत उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, तथापि तो रुमाल काही एका दिवसात उचलला गेला नाही. कल्याण छावणीच्या जागी ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर नाव पावलेल्या वसाहतीतील, फाळणीने निर्वासित झालेल्यांच्या पिढीला आणखी एक लिलाव ठाऊक असावयाचा: १९५४ च्या पुनर्वसन कायद्याखाली नुकसानभरपाईच्या मालमत्ता विकल्या जात त्यांत बोलीची रक्कम रोख न देता आपल्या मंजूर दाव्यातून वळती करता येई. मागे सोडलेल्या घराच्या कागदावर समोरचे घर घ्यावयाचे!

मग १९९५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात पिएर ओमिड्यार या तरुणाने एक लिलावघर संगणकावर उघडले, जे पुढे ईबे म्हणून जगास माहीत झाले. त्याची पहिली विक्री एका मोडक्या लेझर पॉइंटरची, १४ डॉलर ८३ सेंटला. या लिलावघरात पुकारणारा नव्हता, सभा नव्हती, आणि बोलीवाले आपापल्या देशी झोपलेले असत. म्हणून दोन गोष्टी कराव्या लागल्या. एक, लिलावाची अखेर घड्याळावर सोपवली, म्हणजे मेणबत्ती परत आली. दुसरी, प्रत्येक बोलीवाल्याला एक अदृश्य गुमास्ता दिला.

गुमास्त्याची कल्पना पेठेत जुनीच आहे. धनी त्याला सांगून ठेवी की दोनशेपर्यंत जा, पण गरजेपेक्षा पै अधिक बोलू नको. स्वयंचलित बोली म्हणजे हाच मुखत्यार, फक्त लाच न खाणारा. माझे एक शेजारी शिवराया ही जुनी नाणी जमवतात. त्यांच्याच छंदाचे उदाहरण घेऊ. एका तांब्याच्या शिवराईला त्यांनी आपली कमाल मर्यादा २,००० रुपये लिहून ठेवली, आणि वाढीचा टप्पा ५० रुपयांचा आहे. दुसऱ्या कोणाची मर्यादा १,२०० असेल तर यंत्र परस्पर बोली चढवीत जाऊन १,२५० वर थांबते. शेजाऱ्यांचे उरलेले साडेसातशे कोणास दिसत नाहीत, आणि खर्चही होत नाहीत. उद्या कोणी नेमके २,००० च लिहिले तरी शिवराई यांचीच, कारण सारख्या बोलीत आधीच्याचा मान. अर्थात विजेता जी किंमत देतो ती स्वतःच्या मनातील नव्हे, पराभूताच्या मनातील, वर एक टप्पा. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली याच तत्त्वाचे गणित मांडून दाखविले की अशा लिलावात प्रत्येकाने आपले खरे मूल्य सांगून स्वस्थ बसणे हेच हिताचे. त्याबद्दल १९९६ चे नोबेल त्याला जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी तो वारला. टपालतिकिटांचे विक्रेते मात्र हाच व्यवहार पत्रोपत्री एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच करू लागले होते. सिद्धान्ताला दुकानदार पुष्कळदा आधी भेटलेला असतो.

आता या विल्यम विक्रीचे म्हणणे खरे असेल तर शेवटच्या सेकंदाला बोली टाकण्यात काही अर्थ नाही. तरी लोक टाकतात, आणि माझे शेजारी तर भक्तिभावाने टाकतात. त्यांची कारणमीमांसा अशी: शिवराईवरील अक्षरांच्या वळणावरून ती कोणत्या काळची हे ओळखणारे थोडे असतात, आणि अशा जाणत्याने चार दिवस आधी बोली केली म्हणजे ती एक वर्दीच होते की येथे काही मौल्यवान आहे. दुसरे असे की पुष्कळ लोक कमाल मर्यादा लिहितच नाहीत. कोणी वर गेला की पन्नासाने वर जातात, रागाने जातात, आणि पाहता पाहता नाण्यासाठी नव्हे तर न हरण्यासाठी भांडू लागतात. अशा माणसाला क्रोध येण्यास अवधीच मिळू नये म्हणून घड्याळात तीन सेकंद उरले असता घाव घालावयाचा. यात धोकाही आहे: जाळे मंद असले, वीज गेली (आणि आमच्या भागात पहिल्या वळिवाला वीज जाणे हे पंचांगात छापण्यास हरकत नाही), तर बोली पोहोचतच नाही.

या प्रकाराची परीक्षा आल्व्हिन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स या दोघांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केली. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपे. त्याच काळी अ‍ॅमेझॉनने चालविलेल्या लिलावांत अखेरच्या १० मिनिटांत बोली आली की मुदत पुढे सरके. वस्तू त्याच प्रकारच्या; पण शेवटच्या घटकेची झुंबड ईबेवर कितीतरी अधिक होती, आणि ईबेवर जो जितका मुरलेला तितका तो उशिरा बोले, तर अ‍ॅमेझॉनवर मुरलेले लवकर बोलत. म्हणजे धूर्तपणा माणसाच्या स्वभावात जितका आहे त्याहून अधिक तो नियमावलीत आहे. अ‍ॅमेझॉनचे ते 'एक वार, दोन वार'च होते, केवळ आवाजाविना. तरीही बाजारात ईबे टिकले. आपल्याकडे मुंबईत निघालेले बाझी डॉट कॉम हे संकेतस्थळ ईबेने २००४ मध्ये विकत घेतले. ते भारतीय दुकान २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाले, आणि शेजाऱ्यांना शिवराईसाठी नाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे जावे लागले.

बँकांनी मात्र मेणबत्ती स्वीकारली नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने तारण मालमत्ता न्यायालयात न जाता जप्त करून विकण्याचा अधिकार त्यांना दिला. विकणाऱ्याला चढती किंमत हवी, आणि कर्जदाराच्याही हिताचे तेच, कारण येणे फिटून वर उरेल ते त्याचे. तेव्हा कोणा चतुराने शेवटच्या सेकंदाला स्वस्तात घर पळवावे हे दोघांनाही परवडणारे नाही. म्हणून ती ५ मिनिटे. बोली यशस्वी झाली की त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी चौथाई रक्कम भरावयाची, उरलेली सामान्यतः १५ दिवसांत; न भरल्यास भरलेलीही जप्त.

आमच्या या नाणेवाल्या शेजाऱ्यांनी मध्यंतरी मुलासाठी कात्रपातीलच एका अशा घरावर बोली केली. अनामत भरली होती. वहिनींनी कालनिर्णयाचे पान भिंतीवरून काढून त्याच्या मागच्या बाजूस समासात पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला होता, आणि त्यापुढे जाणार नाही असे यजमानांकडून वदवून घेतले होते. मी कौतुकाने जाऊन बसलो. शिवराईच्या सवयीने ते शेवटचे तीन सेकंद उरेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले आणि मग त्यांनी कळ दाबली. पडद्यावरचे घड्याळ पाच मिनिटांवर परत गेले. ते माझ्याकडे पाहून ओशाळे हसले. साडेचार मिनिटांनी पलीकडचा कोणी अनामिक दहा हजारांनी वर गेला, पुन्हा पाच मिनिटे. हे वर, पुन्हा पाच. चहावर साय धरली. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही, पण ठरलेली वेळ टळून तास होत आला तेव्हा पुढचा टप्पा समासातल्या आकड्याच्या वर जात होता. 'आणखी दहाच,' ते म्हणाले. वहिनी काही बोलल्या नाहीत. घड्याळ चार, तीन, दोन मिनिटांवर उतरत गेले, त्यांचे बोट कळेवर होते, आणि मग त्यांनी ते उचलून चष्मा काढला. शून्य झाले तेव्हा पडद्यावर दुसऱ्याचाच क्रमांक होता. वहिनींनी टेबलावरचे पान उचलले आणि महिना पुढे व आकडा भिंतीकडे करून खिळ्याला परत अडकवले.